आमच्या टॅक्सचे पैसे

‘आम्ही टॅक्स भरायचा आणि त्यांना घरबसल्या फुकट मिळायचं, हे किती दिवस चालणार?’

सोसायटीच्या ग्रुपवर, लोकलच्या पहिल्या वर्गात, लग्नाच्या जेवणानंतर रंगलेल्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली आणि या प्रश्नाला जास्तच धार आली. विचारणारी माणसं निर्दय नसतात. त्यांच्यातले कित्येक स्वतः चाळीतून फ्लॅटमध्ये आलेले असतात. घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीची फी ते गुपचूप भरतात, नातू आजारी पडला तर डॉक्टरांना फोन करतात. तरीही सरकारनं या योजनेतून त्याच मावशींच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये टाकले की त्यांना आपला खिसा कापल्यासारखं वाटतं. असं का होतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

वरच्या एका वाक्यात चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पैसे कोणाचे? ते मिळतात कोणाला? आयतं मिळाल्यानं माणूस काम सोडतो का? आणि हे सगळं राज्याला परवडतं का? एकेक धागा सुटा करू.

१. टॅक्स नक्की कोण भरतं?

आपल्याकडे ‘टॅक्स’ म्हटलं की मनात येतो तो इन्कमटॅक्स. पगारातून तो दर महिन्याला कापला जातो, त्यामुळे तो कळतो आणि सलतोही. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ७ कोटी ४० लाख जणांनी आयकराची विवरणपत्रं भरली आणि त्यांतल्या ५ कोटी १६ लाख जणांचा कर शून्य निघाला. म्हणजे प्रत्यक्ष आयकर भरणारे सव्वादोन कोटींच्या आसपास. १४० कोटींच्या देशात हा आकडा लहान आहे, आणि त्या लोकांना आपण एकटेच गाडा ओढतोय असं वाटणं समजण्यासारखं आहे.

पण सरकारच्या तिजोरीत येणारा प्रत्येक रुपया या वाटेनं येत नाही. वस्तू आणि सेवांवरचा कर, म्हणजे जीएसटी, २०२४-२५ मध्ये देशभरात सुमारे २२ लाख कोटी रुपये जमला. व्यक्तींच्या आयकरापेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी आहे. जीएसटी भरताना कोणी पॅनकार्ड विचारत नाही. साबण, चप्पल, तेलाची पिशवी घेतली की तो भरला जातो.

एक साधं गणित करू. मोबाइलचं २८ दिवसांचं २९९ रुपयांचं रिचार्ज घ्या. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे सुमारे ४५ रुपये ६० पैसे. वर्षाला १३ रिचार्ज होतात आणि त्यांचा कर होतो सुमारे ५९३ रुपये. तीन घरची धुणीभांडी करून महिन्याला ७५०० रुपये मिळवणाऱ्या बाईंचं वर्षाचं उत्पन्न ९० हजार, त्यातले ०.६६ टक्के या एका करात गेले. ज्यांच्या घरी त्या कामाला जातात त्या साहेबांचा पगार महिना एक लाख. रिचार्ज तेच, कर तेवढाच, पण त्यांच्या वर्षाच्या १२ लाखांत तो ०.०५ टक्के. उत्पन्नाच्या मानानं बाईंवर तेरापट भार पडला. आयकरात उलटं असतं, जास्त कमावणारा जास्त दरानं भरतो. दोन्ही कर एकत्र धरले की ‘आम्ही भरतो, ते खातात’ ही वाटणी टिकत नाही. सगळेच भरतात, कमीजास्त प्रमाणात आणि वेगवेगळ्या दारांनी.

एकदा जमा झालेल्या पैशावर कोणाचं नाव राहत नाही. सोसायटीच्या मेन्टेनन्सचं जसं असतं. तळमजल्यावरचे जोशी लिफ्टच्या दुरुस्तीला पैसे देतात आणि सातव्या मजल्यावरचे शेख तळमजल्याची तुंबलेली ड्रेनेज लाइन काढायला देतात. हजार रुपयांतले नेमके कोणते दोनशे कुठे गेले हे कोणालाच सांगता येणार नाही. वार्षिक सभेत विचारायचं असतं ते कामाविषयी: ते गरजेचं होतं का, दर योग्य होता का, बिलं खरी आहेत का. सरकारी मदतीबद्दल आपण हेच प्रश्न विचारायला हवेत, आणि तेही आजच्यापेक्षा कितीतरी कडकपणे.

२. दिसणारी मदत आणि न दिसणारी

मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

रेशनच्या दुकानासमोर रांग लागते. पिवळं किंवा केशरी कार्ड हातात असतं, पाठीवर पिशवी असते, मशीनवर अंगठा लावावा लागतो. खात्यात १५०० रुपये आले की वर्तमानपत्रात बातमी येते, चौकात नेत्याच्या फोटोसह फलक लागतो. गरिबाला मिळणारी मदत गाजावाजा करत येते. मध्यमवर्गीयाला आणि श्रीमंताला मिळणारी मदत मात्र बहुतेक वेळा ‘कमी भरावं लागलं’ या रूपात येते, आणि कमी भरल्याची रांग कुठेच लागत नाही.

जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरचं वर्षाला दोन लाखांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाचा त्यामुळे सेससह ६२,४०० रुपये कर वाचतो. महिन्याला ५२०० रुपये. आता चौघांच्या एका गरीब कुटुंबाचा हिशेब मांडू. अन्नसुरक्षा कायद्यानुसार माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला २० किलो धान्य. सरकारला किलोमागे सरासरी ३५ रुपये खर्च येतो असं धरलं तर ७०० रुपये झाले. घरातल्या बाईंना लाडकी बहीणचे १५०० मिळत असतील तर एकूण २२००. घरकर्जाच्या एका सवलतीच्या निम्म्याहूनही कमी.

‘पण ते माझेच कष्टाचे पैसे माझ्याकडे राहिले, दुसऱ्याचे मी घेतले नाहीत,’ असं यावर कोणीही म्हणेल. भावनेच्या अंगानं हा फरक खरा आहे. तिजोरीच्या अंगानं मात्र शंभर रुपये खर्च केले काय आणि येणारे शंभर सोडून दिले काय, खड्डा तेवढाच पडतो. केंद्र सरकारही हे ओळखतं. करसवलतींमुळे किती महसूल बुडाला याचं वेगळं विवरणपत्र अर्थसंकल्पाच्या कागदांत दरवर्षी असतं. त्याची बातमी फारशी होत नाही, एवढंच.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं. त्यापायी सुमारे एक लाख कोटी रुपयांचा प्रत्यक्ष कर सोडावा लागेल, असं अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितलं. त्याच अर्थसंकल्पात ८१ कोटी लोकांच्या अन्नासाठीचं अनुदान होतं दोन लाख कोटींच्या थोडं वर. माणशी महिन्याला सव्वादोनशे रुपयेसुद्धा होत नाहीत. मी करमाफीच्या विरोधात नाही. पगारदाराच्या खिशात चार पैसे राहिले तर बाजार चालतो, हे खरंच आहे. पण त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले, आणि तिजोरीचं काय होणार अशी काळजी कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

२०१५-१६ च्या आर्थिक पाहणी अहवालात तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी सुस्थितीतल्या लोकांना मिळणाऱ्या आर्थिक लाभांवर एक अख्खं प्रकरणच लिहिलं होतं. स्वयंपाकाचा गॅस, वीज, रेल्वे, रॉकेल, विमानाचं इंधन, सोनं आणि पीपीएफसारख्या अल्पबचतीच्या योजना यांतून या वर्गाकडे वर्षाला एक लाख कोटींहून अधिक जातात, असा त्यांचा अंदाज होता. ‘सुस्थितीतले’ ही व्याख्या त्यांनी बरीच रुंद घेतली होती, हे सांगायला हवं. तरी मुद्दा राहतोच. मुंबईत तर उदाहरणं पावलोपावली आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं गोठवलेल्या भाड्यांमुळे दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जागी कित्येक सधन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यात राहिली. नळाचं पाणी हजार लिटरला दहा रुपयांपेक्षा कमी दरात फ्लॅटमध्ये येतं. नळजोडणी नसलेल्या वस्तीतल्या बाईनं २० लिटरचा कॅन पाच रुपयांना जरी घेतला, तरी तिला हजार लिटर २५० रुपयांना पडतात. दोन्हीकडचं पाणी शहापूर तालुक्याकडच्या त्याच धरणांतून येतं.

आपल्याला मिळालेलं दिसत कसं नाही, याचं एक उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासातून मिळतं. राज्यशास्त्रज्ञ सुझॅन मेटलर यांनी घरकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्या लोकांना विचारलं, तुम्ही कधी सरकारी योजनेचा लाभ घेतला आहे का? त्यांतल्या ६० टक्के लोकांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. सवलतीची रचनाच अशी होती की घेणाऱ्याला घेतल्याचं कळू नये.

३. ‘मोबाइल आहे, मग रेशन कशाला?’

दुसरी तक्रार खोट्या लाभार्थींची. ती निराधार नाही. लाडकी बहीणच्या पडताळणीत २०२५ मध्ये सुमारे २६ लाख खाती संशयास्पद निघाली आणि त्यांचे हप्ते थांबवले गेले. सुमारे १४ हजार पुरुषांनी बहिणींच्या नावाची ही रक्कम घेतल्याचंही समोर आलं. ज्यांच्या पैशातून हे गेलं त्यांनी चिडावं, दाद मागावी. निवडणूक तोंडावर असताना घाईघाईनं अर्ज मंजूर केले की असंच होतं. योजना जुलैत आली आणि विधानसभेचं मतदान नोव्हेंबरात झालं, हा क्रम सगळ्यांना आठवतो.

मदतीच्या कोणत्याही योजनेत चुका दोन प्रकारच्या होतात. एक, ज्याला मिळायला नको त्याला मिळतं. दोन, ज्याला मिळायला हवं त्याला मिळत नाही. पहिली चूक शेजाऱ्याला दिसते. दुसरी दिसत नाही, कारण न मिळालेला माणूस रांगेतच नसतो. आणि पहिली चूक कमी करायला कागदपत्रं वाढवली की दुसरी वाढते.

रेशनचंच पाहा. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंब म्हणून धान्य मिळण्यासाठी शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत असावं लागतं, ग्रामीण भागात ४४ हजारांच्या. महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत! आधीच्या गणितातल्या, तीन घरची कामं करणाऱ्या बाई आठवा. वर्षाला ९० हजार मिळवतात. नवरा घरी बसलेला असो की सोडून गेलेला, मुलं दोन असोत की चार, नियमानुसार त्या अपात्र आहेत. मग दोनच मार्ग उरतात. उत्पन्न कमी दाखवून दाखला काढायचा, किंवा २० किलो धान्य सोडायचं. पहिला मार्ग धरला तर त्या ‘खोट्या लाभार्थी’. मुंबईत किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये ५९ हजारांत वर्ष काढणारं चौघांचं कुटुंब शोधून दाखवा म्हटलं, तर ते फूटपाथवरच सापडेल. नियम करणाऱ्यांनाही हे माहीत असतं. तरी मर्यादा वर्षानुवर्षं हलत नाही, कारण लाभार्थींची एकूण संख्या केंद्रानं २०११ च्या जनगणनेवर बांधून दिली आहे. लोकसंख्या वाढली, जनगणना लांबली, कोटा तेवढाच राहिला. नवं नाव घालायचं तर जुनं काढावं लागतं.

राहिला मोबाइल. घरकामाच्या नव्या घराचा निरोप, मुलाच्या शाळेचा ग्रुप, बँकेचा ओटीपी, खुद्द योजनेचा अर्ज, सगळं फोनवर येतं. शहरात फोन नसलेल्या बाईला कामच मिळत नाही. फोन बघून कुटुंबाच्या मिळकतीचा अंदाज बांधता येत नाही.

४. फुकट मिळालं की काम सोडतात?

‘आता कामाला बायका मिळत नाहीत,’ ही तक्रार पुण्यातल्या फ्लॅटपासून नाशिकच्या द्राक्षबागेपर्यंत सगळीकडे आहे. यावर अंदाजानं बोलण्यापेक्षा मोजून पाहणं शक्य आहे, आणि अर्थशास्त्रज्ञांनी ते केलं आहे.

पद्धत समजायला सोपी आहे. एकसारखी दोनशे गावं घ्यायची. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या शंभर गावांत मदत सुरू करायची, उरलेल्या शंभरांत नाही. काही काळानं दोन्हीकडचे लोक किती तास काम करतात ते मोजायचं. निवड चिठ्ठीनं झालेली असल्यामुळे फरक पडलाच तर तो मदतीमुळेच, असं म्हणता येतं. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, मोरोक्को, फिलिपीन्स आणि इंडोनेशिया या सहा देशांतले असे सात प्रयोग एकत्र तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला. रोख मदतीमुळे लोक काम कमी करतात याचा ठोस पुरावा त्यात सापडला नाही. मदतीचे पैसे दारू-तंबाखूत उडतात, या समजाचीही जगभरच्या अभ्यासांतून छाननी झाली आहे, आणि तोही टिकलेला नाही.

मग कामाला बायका मिळत नाहीत ही तक्रार खोटी का? तसंही नाही. हातात काहीच नसलेल्या बाईला हजार रुपयांचं झाडूपोछाचं कामही घ्यावं लागतं, वरून जाताजाता भांडीही घासावी लागतात. महिन्याला १५०० रुपये आणि धान्य घरात असेल तर ती म्हणू शकते, ‘ताई, दोन हजार द्या, नाहीतर मला जमणार नाही.’ काम ती करतेच. कमी पैशांत करायला नकार देते. रोजगार हमीसारख्या योजना जिथे नीट राबवल्या गेल्या तिथे खाजगी मजुरीचे दरही वर गेले, असं आंध्र प्रदेशातल्या अभ्यासात दिसलं होतं. तेव्हा श्रीमंत माणसाला होणारा त्रास खरा आहे. त्याला स्वस्त मिळणारी मेहनत थोडी महाग झाली. पण या त्रासाला ‘लोक आळशी झाले’ असं नाव देणं हा अन्याय आहे. पहाटे पाचला नळावर उभं राहून, आठ वाजता पहिल्या घरी पोचणाऱ्या बाईला तो शब्द लावताना जीभ अडखळायला हवी.

५. शहरानं हात कधी मोकळा सोडला?

राहिला चौथा प्रश्न, राज्याला हे परवडतं का. त्याचं उत्तर पैसे द्यायला कोण तयार होतं यावर ठरतं. शहरातल्या सधन लोकांनी गरिबांसाठी खर्च करायला आनंदानं किंवा नाइलाजानं मान्यता दिल्याचे प्रसंग आपल्या इतिहासात आहेत. त्यांतले दोन पाहू.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले, गिरण्यांना मजूर मिळेनात. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतला रोग पेढीवर आणि बंगल्यातही येतो हे कळल्यावर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या पाडणं, रुंद रस्ते काढणं, नवी घरं बांधणं हे त्याचं काम. अब्राम डी स्वान या डच समाजशास्त्रज्ञानं युरोपातल्या कॉलऱ्याबद्दल हेच दाखवलं आहे: गरिबाच्या हालांची झळ श्रीमंतापर्यंत पोचते आणि पैसे टाकून एकट्याला तिच्यापासून वाचता येत नाही, तेव्हा सार्वजनिक सोयी उभ्या राहतात. मुंबईत पुढे काय झालं? प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते झाले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती झाल्या, तिथे मध्यमवर्ग राहायला गेला. ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांतले बरेच जण शेजारच्या गल्लीत आणखी दाटीवाटीनं राहू लागले. भीतीपोटी दिलेली मदत देणाऱ्याच्या सोयीनं वळते.

दुसरा प्रसंग जवळचा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सरकारी कामांवर एका टप्प्याला सुमारे ५० लाख माणसं होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला छोट्या प्रमाणावर करून पाहिलेली कल्पना, मागेल त्याला काम, तेव्हा राज्यभर गेली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे देशानं जो हमी कायदा केला, त्याचं मूळ इथे आहे.

आणि त्यासाठी पैसे कुठून आले? शहरातून, आणि उघडपणे. १९७५ मध्ये महाराष्ट्रानं व्यवसाय कर लावला तो याच हमीसाठी. पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तोच हा ‘पीटी’. सोबत मोटारी, विक्रीकर, बागायती जमिनी, शहरांतल्या बिगरनिवासी इमारती यांवरही थोडा थोडा भार टाकला, आणि जेवढे जमतील तेवढेच सरकारनं आपल्याकडून घालायचे असं ठरलं. मुंबईच्या कारकुनानं आणि डॉक्टरानं मराठवाड्यातल्या मजुराच्या बांधबंदिस्तीला पैसे दिले. त्यात स्वार्थही होता. गावात काम मिळालं तर लोंढे शहरात येणार नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. पण खर्च आधी सांगितला, कर सांगून लावला, पैसे कशासाठी हे कायद्यात लिहिलं.

लाडकी बहीण योजनेचं गणित याच्या शेजारी ठेवून पाहा. अडीच कोटी बायका, महिना १५०० रुपये, वर्षाला ४५ हजार कोटी. सुरुवातीला सरकारनंच वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगितला होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद झाली ३६ हजार कोटींची, राज्याच्या सुमारे साडेपाच लाख कोटींच्या महसुलात. एवढा मोठा खर्च आला, पण त्याच्यासाठी नवा कर आला नाही. श्रीमंत शहरी मतदाराला दुखवायचं नव्हतं आणि गरीब मतदाराला द्यायचं होतं. त्यामुळे २०२५ मध्ये आदिवासी विकास आणि सामाजिक न्याय या खात्यांचा निधी या योजनेकडे वळवला गेला, आणि सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी दाखवली. आदिवासी आश्रमशाळा आणि मागासवर्गीयांची वसतिगृहं ज्या खात्यांच्या पैशावर चालतात, ती ही खाती. शहरातल्या करदात्याचा खिसा या योजनेसाठी कापला गेलेला नाही.